कात्रज ते संगम : उतारावरून वाचलेले पुणे

वास्तुकलेच्या चौथ्या वर्षाच्या सहा विद्यार्थ्यांना घेऊन मी जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी साडेसहा वाजता कात्रजच्या तलावाकाठी पोहोचले. आमच्याकडे सात सायकली होत्या. त्यांपैकी दोनच गिअरच्या, बाकीच्या साध्या. विद्यार्थ्यांना सत्राच्या अभ्यासासाठी शाश्वत नगररचनेचे एक उदाहरण निवडायचे होते आणि त्यांच्या पहिल्या यादीत शहराच्या टोकांना उभ्या असलेल्या, हरित मानांकन मिळालेल्या काचेच्या इमारतीच तेवढ्या होत्या. त्या इमारतींविषयी माझी तक्रार नाही. मात्र इमारत विजेची कितीही बचत करत असली, तरी तिथवर पोहोचायला दर माणशी एक मोटार लागत असेल तर हिशेब अर्धाच मांडला जातो, एवढे त्यांच्या लक्षात यावे अशी माझी इच्छा होती. म्हणून असे ठरले की, कात्रजपासून मुळा-मुठेच्या संगमापर्यंतचा दहा-अकरा किलोमीटरचा पट्टा सायकलवरून पाहायचा आणि पाणी, उतार, घर व रस्ता यांची सांगड शहराने त्या पट्ट्यात कुठे घातली आणि कुठे तोडली, याची नोंद करायची.

हाच पट्टा निवडण्याचे कारण असे की, दक्षिणेकडून उत्तरेकडे उतरणाऱ्या एकाच जमिनीवर इथे चार वेगवेगळ्या काळांची कामे एकमेकांच्या शेजारी पडलेली आहेत. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, कात्रजहून शनिवारवाड्यापर्यंत भुयारी नळ आणला गेला. कात्रजच्या डोंगरात उगम पावणारा आंबील ओढा त्याच उताराने शहरात येतो. सातारा रस्त्यावर २००६ मध्ये देशातला पहिला जलद बसमार्ग प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला आणि त्याच्या दोन्ही कडांना सायकल मार्ग आखले गेले. स्वारगेटपर्यंत भुयारी मेट्रो सप्टेंबर २०२४ मध्ये पोहोचली असून, तिथून कात्रजपर्यंतच्या सुमारे साडेपाच किलोमीटरच्या भुयारी विस्ताराला त्याच वर्षी केंद्राची मंजुरी मिळाली आहे.

पाहणीची पद्धत मुद्दाम साधी ठेवली होती. प्रत्येकाकडे नकाशाची एक छापील प्रत होती आणि नियम एकच होता : सायकलवरून पाय जमिनीला टेकला की नकाशावर तिथे टिंब करायचे आणि कारण लिहायचे. सिग्नलसाठी थांबणे मोजायचे नव्हते. रस्त्याच्या रचनेमुळे थांबावे लागले तरच ते मोजायचे होते. मोटारीत बसलेल्याला उतार कळत नाही आणि पायी चालणाऱ्याला तो दहा किलोमीटर सलग कळण्याइतका वेळ नसतो. सायकलस्वाराला मात्र गुडघे प्रत्येक चढाची पावती देतात आणि उतार आला की पेडल आपोआप सैल पडते.

तलाव आणि नळ

कात्रजला तलाव दोन आहेत. वरच्या तलावात गाळ खाली बसतो आणि निवळलेले पाणी खालच्या तलावात येते. तिथून ते दगड-चुन्याच्या भुयारी नळाने शहराकडे निघत असे. नळ हा शब्द इथे फसवा आहे. आज नळ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लोखंडी पाइप येतो. हा नळ म्हणजे माणूस आत उतरून साफसफाई करू शकेल एवढे बांधीव भुयार होते. ठरावीक अंतरावर त्याला जमिनीच्या वर डोकावणारे बांधीव उच्छ्वास ठेवलेले होते. त्यांतून कोंडलेली हवा बाहेर पडे, त्यामुळे प्रवाह अडत नसे, आणि गाळ काढायला माणसाला आत उतरता येई. पंप नाही, वीज नाही. सगळा कारभार उतारावर चालत असे. शहरात हे पाणी काळा हौद, बदामी हौद, फडके हौद अशा सार्वजनिक हौदांत आणि वाड्यांतल्या हौदांत खेळवले जाई. आज बुजलेल्या हौदांची नावे चौकांना आणि बसथांब्यांना उरली आहेत, आणि पुणेकर ती रोज उच्चारतो.

धनकवडीच्या बाजूला एका सोसायटीच्या आवारात आम्हाला असा एक उच्छ्वास पाहायला मिळाला. दुचाकी लावण्याच्या जागेच्या कोपऱ्यात, कमरेएवढ्या उंचीचा, काळ्या दगडाचा तो चौकोनी ओटा होता. त्यावर पत्रा टाकून कुणीतरी तुळशीच्या कुंड्या मांडल्या होत्या. रखवालदाराने कुंड्या सरकवून पत्रा उचलून दिला. आतून गार, मातकट वास आला आणि बऱ्याच खाली पाण्याचा आवाज ऐकू आला. एका विद्यार्थिनीने छोटा खडा टाकला, डुबुक असा आवाज झाला आणि सगळे गप्प झाले. रखवालदार म्हणाला, "मॅडम, टँकर नाही आला तर झाडांना हेच पाणी घालतो आम्ही." पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या बांधकामाला याहून चांगले प्रमाणपत्र देता येईल असे मला वाटत नाही; मात्र सोसायटीच्या आराखड्यात त्या ओट्याची नोंदही नव्हती, हे आम्ही नंतर तपासले.

इथवर कुणाच्याही नकाशावर टिंब पडले नव्हते. गल्ल्या अरुंद होत्या, पण सायकल अडत नव्हती.

सायकल मार्गावर सायकल

सातारा रस्त्याला लागल्यावर मात्र टिंबे पडू लागली. सायकल मार्ग पदपथाच्या पातळीवर, पेव्हर ब्लॉकचा, लाल रंगाचा आहे आणि काही ठिकाणी तो खरोखर चांगला आहे, हे आधीच सांगायला हवे. बालाजीनगरच्या आसपास एक तुकडा असा लागला की, मुलांनी हँडल सोडून हात पसरले. पण पुढच्याच वळणावर विजेच्या डीपीची पेटी मार्गाच्या अगदी मधोमध उभी होती. तिला वळसा घालायला डावीकडे पाव मीटरही जागा नव्हती. त्यानंतर एका दुकानाच्या दारात गाड्या चढवण्यासाठी केलेला सिमेंटचा उतार आला, मग दुचाकी आत शिरू नयेत म्हणून रोवलेले खांब आले. दोन खांबांमधले अंतर एवढे कमी होते की, हँडल त्यात अडकले आणि आमच्यातला सर्वांत उंच मुलगा सायकल उचलून पलीकडे घेऊन गेला. त्याच खांबांच्या शेजारून, पदपथावरूनच, एक स्कूटर निवांत निघून गेली.

प्रत्येक उपरस्त्याच्या तोंडाशी मार्ग संपतो, सायकलस्वाराला रस्त्याच्या पातळीवर उतरवतो आणि पलीकडे पुन्हा सहा-आठ इंचांची कड चढायला लावतो. मोटारीच्या मार्गाला अशी वागणूक दिली असती, तर त्या रस्त्याचे काम कुणी पूर्ण झाले असे मानले नसते. मुळात उपरस्त्याच्या तोंडाशी सायकलची पातळी कायम ठेवून मोटारीला कड चढायला लावावी, हा नेदरलँड्समध्ये आणि डेन्मार्कमध्ये रुळलेला साधा उपाय आहे. त्याने मोटारीचा वेग कमी होतो आणि पायी चालणाऱ्यालाही सलग वाट मिळते. खर्चात त्याने मोठा फरक पडत नाही. उपरस्त्याच्या तोंडाशी कुणी कुणासाठी थांबायचे, हा क्रम मात्र बदलतो. म्हणूनच तो उपाय कागदावर सोपा आणि चौकात अवघड ठरतो.

पुण्याची सर्वंकष सायकल योजना महापालिकेच्या मुख्य सभेने २०१७ मध्ये मंजूर केली, आणि तीत ८२४ किलोमीटरचे जाळे प्रस्तावित होते. त्याच वर्षाच्या अखेरीस भाड्याच्या सायकलीही विद्यापीठाच्या आवारात आणि औंधमध्ये आल्या. दोन-तीन वर्षांत त्या रस्त्यांवरून दिसेनाशा झाल्या. २०१८ मध्ये परिवहन खात्याच्या आकडेवारीवरून असे दिसले की, शहरातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या ३६ लाखांवर जाऊन लोकसंख्येच्या अंदाजालाही मागे टाकून गेली आहे. एके काळी ज्या शहराची ओळखच सायकलींचे शहर अशी होती, तिथला हा आकडा आहे. योजनेच्या हेतूबद्दल मला शंका नाही. माझा आक्षेप मोजमापाच्या एककाला आहे. किलोमीटर मोजले की तुकडे जोडून बेरीज मोठी दाखवता येते. त्याऐवजी पाय न टेकता जास्तीत जास्त किती अंतर जाता येते, असे विचारले तर त्याच जाळ्याचे चित्र फार वेगळे दिसते. पद्मावतीपर्यंत पोहोचेस्तोवर टिंबे मोजायला हातांची बोटे पुरेनाशी झाली होती.

अरण्येश्वरचा कठडा

सहकारनगर आणि अरण्येश्वर या भागात आम्ही ठरवल्यापेक्षा बराच जास्त वेळ थांबलो, आणि या प्रकरणाचा गाभा माझ्या मते इथेच आहे.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे धरण गेले आणि मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. ज्यांची घरे वाहून गेली त्यांच्यासाठी शहराच्या तेव्हाच्या कडेला वसाहती उभ्या राहिल्या. पर्वतीच्या दक्षिणेकडचे सहकारनगर त्यांपैकी एक. छोटे भूखंड, बैठी किंवा एकमजली घरे, मधून सरळ रस्ते, प्रत्येक घरापुढे थोडे अंगण आणि सहकारी गृहरचना संस्थेची मालकी, अशी ती मांडणी आजही जिथे पुनर्विकास झालेला नाही तिथे वाचता येते. सायकलवरून जाताना त्या गल्ल्यांत सावली जाणवते. झाडांना वाढायला साठ वर्षे मिळाली आहेत आणि घरांची उंची झाडांहून कमी आहे. शाश्वत हा शब्द तेव्हा कुणी वापरत नव्हते. पण कमी साहित्यात, कमी उंचीवर, वाऱ्याला वाट ठेवून वस्ती कशी करावी याचा तो नीट वठलेला नमुना होता.

फक्त ती वस्ती ओढ्याच्या शेजारी होती. नदीच्या पुरातून वाचलेल्या माणसांना ओढ्याजवळ जागा देताना त्या वेळी काही वावगे वाटले नसणार. ओढा रुंद होता आणि वर कात्रज-धनकवडीला शेते होती. पुढच्या पन्नास वर्षांत शेतांच्या जागी इमारती आल्या, डोंगरउतारावर पडणारे पाणी मुरायचे थांबले आणि ओढ्याच्या दोन्ही काठांनी भिंती पुढे सरकत आल्या. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरावर कोसळलेला पाऊस याच ओढ्यातून शहरात उतरला. भिंती पडल्या, गाड्या एकमेकींवर चढल्या, आणि शहर व परिसरात मिळून वीसहून अधिक माणसे दगावली.

ओढ्यावरच्या छोट्या पुलाजवळ एक आजोबा फाटक उघडून झाडलोट करत होते. आम्ही नकाशे काढून उभे राहिलेले पाहून त्यांनी विचारले, "सर्वेवाले का तुम्ही?" विद्यार्थी आहोत असे सांगितल्यावर त्यांनी आम्हाला आत बोलावून जिन्याखालची भिंत दाखवली. फरशीपासून माझ्या खांद्याच्या उंचीवर तपकिरी रंगाची एक आडवी रेघ होती. दोनदा रंग देऊनही ती पुन्हा वर येते, असे ते म्हणाले. मग त्यांनी शांतपणे सांगितले, "ताई, एकसष्टला मी शाळेत होतो. नारायण पेठेतलं आमचं घर गेलं तेव्हा वडिलांनी हा प्लॉट घेतला. ते म्हणायचे, नदीपासून लांब आलो, आता काळजी नाही."

पुलाच्या कठड्यावरून खाली पाहिले तर ओढ्याचे पात्र दोन्ही बाजूंनी काँक्रीटच्या भिंतींत बसवलेले दिसते. २०१९ नंतर अशा संरक्षक भिंती अनेक ठिकाणी उभ्या राहिल्या. पाणी आत अडवून ठेवणारी भिंत, पाणी भिंतीवर चढले की त्याला बाहेरही अडवून ठेवते, एवढी साधी गोष्ट बांधणाऱ्याला ठाऊक नसेल असे नाही; पण रहिवाशांना भिंत दिसते, मुरणारे पाणी दिसत नाही, त्यामुळे मागणी भिंतीचीच होते. एका विद्यार्थ्याने इथे असे सुचवले की, ओढ्याच्या काठाने सलग सायकल मार्ग केला तर उपरस्तेही आडवे येणार नाहीत आणि उतारही सौम्य मिळेल. ही कल्पना आकर्षक आहे आणि नगररचनेच्या स्पर्धांमध्ये ती नेहमी बक्षीस मिळवते. माझे उत्तर होते की, भिंतीच्या आत मार्ग केला तर पात्र आणखी अरुंद होईल. भिंत मागे सरकवून केला तर तो पहिल्यांदा ओढ्याचा आणि मग सायकलचा असेल, आणि त्यासाठी लागणारी जागा आजोबांच्या अंगणातूनच जाईल. तो मुलगा यावर काही बोलला नाही, पण त्याने नकाशावर तिथे टिंबाऐवजी प्रश्नचिन्ह काढले.

तळे, मंडई, वाडा

अरण्येश्वरहून सारसबागेपर्यंतचा उतार सुखाचा आहे. सारसबाग आजूबाजूच्या रस्त्यांपेक्षा खोलगट का आहे, याचा विचार आपण सहसा करत नाही. नानासाहेबांच्या काळात आंबील ओढ्याचा प्रवाह पश्चिमेकडे वळवला गेला आणि पर्वतीच्या पायथ्याशी तळे झाले. पुढे तळ्यातल्या बेटावर गणपती आला, म्हणून तो तळ्यातला गणपती. जुन्या कसब्याच्या पूर्वेला नागझरी आणि पश्चिमेला आंबील ओढा असे मूळचे गाव होते. ओढा बाजूला सरला तेव्हा नव्या पेठांना वाढायला जागा मिळाली. म्हणजे निसर्गाला हात न लावणारे असे काही पेशवाईतले नियोजन नव्हते. त्यांनीही प्रवाह वळवला. फरक एवढाच की वळवलेल्या पाण्याला त्यांनी थांबायला तळे दिले होते. विसाव्या शतकात त्या तळ्याच्या जागी बाग झाली आणि ओढा दांडेकर पुलाखालून मुठेकडे जातो तो असा विसावा न घेताच.

पूरम चौकातून बाजीराव रस्त्याला लागले की पेठांचे पुणे सुरू होते. महात्मा फुले मंडईची १८८६ मधली अष्टकोनी मनोऱ्याची इमारत आम्ही वळसा घालून पाहिली. उंच छप्पर, चहूबाजूंनी उघड्या कमानी आणि आत दिव्याशिवाय भाजी निवडता येईल असा उजेड, एवढे पुरेसे बोलके आहे. विश्रामबागवाड्यात सायकली लावून चौकात बसलो. दुसऱ्या बाजीरावासाठी १८०७ मध्ये बांधलेल्या या वाड्याच्या दर्शनी भागातले सुरूदार लाकडी खांब सगळेच पाहतात. विद्यार्थ्यांना मी चौकाच्या फरशीवर हात ठेवायला सांगितले. बाहेर साडेदहाचे ऊन रस्त्यावर चढले होते आणि चौकातला दगड अजून रात्रीचा गारवा धरून होता. चौकातली तापलेली हवा वर निघून जाते, पडवीतून थंड हवा तिची जागा घेते, जाड भिंती उष्णतेला दुपार उलटेपर्यंत आत येऊ देत नाहीत; पुस्तकातले हे विधान तळहाताला पटले, एवढाच त्या थांब्याचा उपयोग.

पेठांमध्ये टिंबांची जात बदलली. इथे सायकल मार्ग नाही आणि त्याची तशी गरजही नव्हती, कारण सगळ्यांचाच वेग कमी असतो. पण एकेरी वाहतूक मोटारींसाठी आखलेली असल्यामुळे दोनशे मीटरवरच्या हौदापाशी जायला अर्धा किलोमीटर फिरावे लागले आणि त्यातला परतीचा भाग चढाचा होता. नियम पाळायचा तर पेडल मारा, मोडायचा तर उतरून सायकल हातात धरून चाला. आम्ही दुसरे केले आणि प्रामाणिकपणे टिंबे दिली.

शनिवारवाड्यापाशी नळाचा प्रवास संपतो. पायाभरणी १७३० मध्ये, वास्तुशांत १७३२ मध्ये आणि आग १८२८ मध्ये, या तारखा विद्यार्थ्यांना पाठ होत्या. आतल्या कारंज्यांना पाणी पुरवायचे तर ते उंचावरून यायला हवे, आणि आपण नुकतेच ती उंची सायकलने उतरून आलो, हे त्यांच्या आता लक्षात आले. पुढे नवा पूल ओलांडून संगमापर्यंतचा भाग आम्ही भराभर उरकला. नदीपात्रातला रस्ता, खडकवासल्यातून पाणी सोडले की बुडणारा भिडे पूल, पात्रात उभे मेट्रोचे खांब आणि मार्च २०२२ मध्ये पायाभरणी झालेला ४४ किलोमीटरचा नदीकाठ प्रकल्प हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, आणि एका रविवारी त्याला हात घालणे बरे नव्हे.

दोन नकाशे

सोमवारी वर्गात सातही नकाशे एकावर एक ठेवून पारदर्शक कागदावर टिंबे उतरवली. मग एका मुलीने स्वतःहून दुसऱ्या कागदावर ओढे, बुजलेले नाले, हौद, उच्छ्वास आणि आजोबांसारख्या लोकांनी सांगितलेल्या पाणी साचण्याच्या जागा काढल्या. सातारा रस्त्यावर पेट्या आणि खांब यांची टिंबे वेगळी काढली, तर उरलेल्यांपैकी बरीच टिंबे दुसऱ्या कागदावरच्या खुणांजवळ पडलेली होती. यात गूढ काही नाही. नाला जिथे रस्त्याखालून जातो तिथे मोरी असते, मोरीपाशी रस्ता अरुंद होतो किंवा उचललेला असतो, आणि जागा कमी पडली की पहिला बळी सायकल मार्गाचा जातो. सात सायकलींवरून काढलेला हा निष्कर्ष आहे, त्याला तेवढेच वजन द्यावे. पण पावसाळ्यात तीच पाहणी पुन्हा करायची असे विद्यार्थ्यांनी ठरवले आहे.

माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट सादरीकरणाच्या वेळी घडली. विकास आराखडा हा वरून पाहिलेला, सपाट नकाशा असतो. त्यावर रस्त्याची रुंदी दिसते, आरक्षणाचा रंग दिसतो, पण जमीन कुठे उतरते ते दिसत नाही. प्रश्नचिन्ह काढणाऱ्या मुलाने आराखडा आणलाच नाही. त्याने कात्रज ते संगम असा जमिनीचा उभा छेद काढला होता : वर रस्ता, कडेला ओढा, खाली नळ, त्याहून खाली मेट्रोचे भुयार. कागद कागदाला चिकटवत तो एवढा लांब झाला होता की वर्गात मावेना, म्हणून व्हरांड्यात भिंतीला लावावा लागला. परीक्षकांना तो पाहताना व्हरांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालावे लागले. मध्ये एका ठिकाणी, अरण्येश्वरच्या पुलाशेजारी, हातभर जागा कोरी होती. तिथल्या आवारात ओढ्याची पातळी घ्यायला तो दोनदा गेला होता आणि दोन्ही वेळा त्याला फाटकातूनच परत पाठवले होते.